पाठक्रम आणि अर्थक्रम : टेप-ड्राइव्हच्या पूर्वतयारीच्या सूचना-गद्याची समीक्षा

औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, पाककृती, व्रताचा विधी, यंत्राबरोबर येणारी पुस्तिका या साऱ्यांना एकत्र धरणारे नाव आपल्या समीक्षेत रूढ नाही. सोयीसाठी त्याला सूचना-गद्य म्हणू. या गद्याचा विशेष असा की, त्याचा वाचक वाक्य वाचून थांबत नाही. तो ते करतो. कथेतील वाक्य फसले तर रसभंग होतो आणि वाचक पुढे जातो. सूचनेतील वाक्य फसले तर हात चुकीच्या ठिकाणी जातो. म्हणूनच या गद्याच्या परीक्षणात रुचिभेदाला फारसा वाव उरत नाही. वाक्याच्या गुणदोषांची कसोटी वाक्याबाहेर, प्रत्यक्ष कृतीत असते. अशी कसोटी समीक्षकाला क्वचितच लाभते.

प्रस्तुत लेखासाठी या गद्याचा एक अगदी मर्यादित प्रकार निवडला आहे : संगणकाला टेप-ड्राइव्ह बसविण्यापूर्वी किंवा जुना ड्राइव्ह बदलण्यापूर्वी जी तयारी करावयाची, तिच्याविषयीच्या सूचना. हा विषय भाषाभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. बोलींची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रपाहणीतील चित्रफिती, हस्तलिखितांच्या प्रतिमा असा जो संग्रह वाढतच जातो आणि रोज उघडला जात नाही, त्याच्या दीर्घकालीन जतनासाठी आजही टेपच वापरली जाते. चुंबकीय टेप १९५१ मध्ये युनिव्हॅक संगणकाच्या ‘युनिसर्व्हो’ या ड्राइव्हबरोबर संगणकाच्या क्षेत्रात आली. ती टेप धातूची होती. पुढच्याच वर्षी आय.बी.एम.ने ७२६ हा प्लॅस्टिकच्या टेपवर चालणारा ड्राइव्ह आणला. तेव्हापासून टेपचा अंत जवळ आल्याची भाकिते अनेकदा झाली. टेप मात्र टिकली. २००० साली सुरू झालेल्या एल.टी.ओ. या मालिकेतील पहिल्या पिढीच्या टेपवर १०० गिगाबाइट मजकूर मावत असे. २०२१ मधील नवव्या पिढीच्या टेपवर १८ टेराबाइट मावतो. एका हातात मावणाऱ्या डबीत एखाद्या विभागाचे पन्नास वर्षांचे संचित सामावू शकते. ज्या यंत्रावाचून ही डबी मुकी, ते यंत्र बदलण्याचा प्रसंग दर काही वर्षांनी येतो, आणि त्या प्रसंगी काय करावे हे सांगणारे गद्य कसे आहे, हा येथील प्रश्न आहे.

अशा पुस्तिकांची मांडणी बहुधा ठरलेली असते. खोक्यातील वस्तू मोजून घ्या, कोणती हत्यारे लागतील ती जवळ ठेवा, अंगावरची स्थिरविद्युत निघून जावी म्हणून मनगटपट्टी बांधा, संगणकाचा वीजपुरवठा तोडा, मोकळा कप्पा शोधा, ड्राइव्ह सरकवून स्क्रू लावा, केबल जोडा, वीज चालू करा, आज्ञावली बसवा, चाचणी घ्या. ड्राइव्ह थंड जागेतून उष्ण खोलीत आणला असेल तर आत दव धरू नये म्हणून काही तास, प्रसंगी चोवीस तासांपर्यंत, तो तसाच ठेवावा, ही सूचनाही असते व ती योग्यच आहे. हे सर्व वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. हा क्रम खोके उघडणाऱ्याच्या हातांचा क्रम आहे. जे प्रथम हाताला लागते ते प्रथम सांगितले जाते. परंतु जुना ड्राइव्ह बदलणाऱ्या माणसाच्या हातात नवे खोके येण्यापूर्वीच एक प्रश्न निर्णायक झालेला असतो : आपल्या कपाटातील जुन्या टेपा या नव्या ड्राइव्हला वाचता येतील काय?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत असते. पण ते शेवटच्या पानांत, तांत्रिक माहितीच्या कोष्टकात असते. आणि ते उत्तर साधे नाही. एल.टी.ओ. मालिकेत सातव्या पिढीपर्यंत नियम असा होता की, ड्राइव्हने आपल्या पिढीची व तिच्या लगतच्या आधीच्या पिढीची टेप वाचावी आणि लिहावी, आणि दोन पिढ्या मागची टेप निदान वाचावी. २०१५ च्या सातव्या पिढीचा ड्राइव्ह त्यामुळे पाचव्या पिढीची टेप वाचू शकतो. या नियमाची पंधरा वर्षांत सवय झाली. २०१७ मध्ये आठव्या पिढीने तो मोडला. तिचा ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप वाचतो व लिहितो. सहाव्या पिढीची टेप त्याच्या दृष्टीने नाहीच. नवव्या पिढीचा ड्राइव्हही फक्त आठव्यापर्यंत मागे जातो. २०२५ मधील दहाव्या पिढीने तर मागच्या कोणत्याही पिढीशी नाते ठेवले नाही. सहाव्या पिढीच्या टेपांनी भरलेले कपाट असणाऱ्या कार्यालयाने सवयीने आठव्या पिढीचा ड्राइव्ह मागविला आणि जुना ड्राइव्ह भंगारात दिला, तर पुस्तिकेतील एकही सूचना न मोडता त्या कार्यालयाचा संग्रह बंद होईल. मनगटपट्टी बांधलेली असेल, स्क्रू घट्ट असतील, चाचणी यशस्वी होईल.

कोष्टकाच्या भाषेचा येथे विचार केला पाहिजे. कोष्टक सांगते, हा ड्राइव्ह आठव्या व सातव्या पिढीच्या टेपा वाचतो. तो सहाव्या पिढीची टेप वाचत नाही, असे ते बहुधा वेगळे सांगत नाही. मीमांसकांनी विधींचे जे वर्गीकरण केले त्यात परिसंख्या नावाचा एक प्रकार आहे. त्यात वाक्य बाह्यतः काही गोष्टींचे विधान करते, पण त्याचे तात्पर्य उरलेल्या गोष्टींच्या निषेधात असते. पाच नखांच्या पाच प्राण्यांना भक्ष्य म्हणणारे वाक्य हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ते भक्षणाची आज्ञा देण्यासाठी नसून इतर पंचनखांना वगळण्यासाठी आहे. टेप-ड्राइव्हचे कोष्टक ही अशीच परिसंख्या होय. मात्र परिसंख्येत तीन दोष मानण्यात मीमांसक चुकले नव्हते : शब्दाने सांगितलेला अर्थ सोडावा लागतो, न सांगितलेला कल्पावा लागतो, आणि अन्यथा प्राप्त असलेल्याचा बाध करावा लागतो. यज्ञकर्त्याला हा भार पेलत होता, कारण त्याच्या पाठीशी भाष्याची परंपरा होती. ड्राइव्ह बसविणाऱ्याच्या पाठीशी ती नाही. त्याला निषेध शब्दानेच सांगितला पाहिजे, आणि तो पहिल्या पानावर सांगितला पाहिजे.

मीमांसेचा उल्लेख झालाच आहे तर तिच्याकडून आणखी एक उसनवारी करण्यास हरकत नसावी. कर्मांचा क्रम ठरविण्याची सहा प्रमाणे त्या शास्त्राने मानली; त्यांपैकी अर्थ आणि पाठ ही दोन येथे उपयोगी आहेत. वाक्ये ज्या क्रमाने येतात तो पाठक्रम. प्रयोजनावरून ठरतो तो अर्थक्रम. एका ठिकाणी अग्निहोत्राचा होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणे नंतर. पेज होमासाठीच आहे. ती आधी शिजली नाही तर होम कशाचा करावयाचा? म्हणून अर्थक्रम पाठक्रमाला बाजूला सारतो. मीमांसकाजवळ संपूर्ण पाठ आधीच मुखोद्गत असल्यामुळे त्याला हा न्याय लावता येतो. पुस्तिकेचा वाचक एक ओळ वाचून एक कृती करतो. त्याला पेजेची ओळ वाचायला मिळते तेव्हा होम उरकलेला असतो. सूचना-गद्यात पाठक्रम आणि अर्थक्रम एकच असले पाहिजेत, ही अट म्हणजे शैलीचा अलंकार नसून या गद्यप्रकाराच्या अस्तित्वाचीच अट आहे.

हाच दोष प्रकरणाच्या पातळीवरून एका वाक्याच्या पातळीवर उतरला की, तो भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. इंग्रजी वाक्यात मुख्य क्रिया आधी आणि अट मागून येणे स्वाभाविक आहे. त्याची छाया घेऊन मराठीत लिहिलेली सूचना अशी होते : ‘ड्राइव्ह बाहेर काढू नका, जोपर्यंत त्यातील टेप बाहेर आलेली नाही.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अगदीच त्याज्य नाही, पण ते मराठीच्या कलाविरुद्ध आहे. मराठीचा कल अटीला आधी बसविण्याचा आहे : ‘टेप बाहेर आल्याखेरीज ड्राइव्हला हात लावू नये.’ येथे वाचकाच्या मनात प्रथम टेप उभी राहते, मग तिचे बाहेर येणे, मग निषेध, आणि क्रियापद सर्वांत शेवटी. अटीचे सर्व सामान कानावर पडल्यावरच कृती कळते. क्रियापद अंती ठेवणाऱ्या भाषेला हा गुण प्रयत्नावाचून मिळालेला आहे. मराठी सूचनाकार भाषांतर करताना नेमका तोच टाकून देतो, हे आश्चर्य नव्हे काय?

याहून सूक्ष्म प्रश्न पूर्वकालवाचक रूपांचा आहे. ‘करून’, ‘काढून’, ‘जोडून’ या ऊन-प्रत्ययान्त रूपांचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता सामान्यतः एकच असतो. संस्कृतातील क्त्वा-प्रत्ययाविषयी पाणिनीने घातलेली समानकर्तृकत्वाची अट मराठीने बऱ्याच अंशी पाळली आहे. ‘पाऊस पडून पीक आले’ यासारखे अपवाद आहेत. पण त्यांत कार्यकारणाचा संबंध असतो, आणि आज्ञेच्या वाक्यात असे अपवाद जवळजवळ संभवत नाहीत. उलट ‘झाल्यावर’, ‘आल्यावर’, ‘थांबल्यावर’ या रूपांना कर्ता वेगळा असला तरी चालतो. टेप-ड्राइव्हच्या कामात कर्ते दोन असतात, माणूस आणि यंत्र, आणि ते आळीपाळीने काम करतात. माणूस बटण दाबतो; टेप गुंडाळण्याचे काम यंत्र करते. माणूस संगणक बंद करण्याची आज्ञा देतो. प्रत्यक्ष बंद होणे हे यंत्राचे काम असते.

‘संगणक बंद करून केबल काढा’ या वाक्यात दोन्ही क्रिया माणसाच्या नावावर जमा होतात. आज्ञा दिली, म्हणजे बंद ‘केले’. आता केबल काढावयास हरकत नाही, असा अर्थ सरळ वाचणारा घेईल आणि त्याला दोष देता येणार नाही. ‘संगणक पूर्ण बंद झाल्यावर केबल काढा’ या वाक्यात मधली क्रिया यंत्राच्या स्वाधीन आहे, म्हणून थांबणे भाग पडते. ‘करून’ आणि ‘झाल्यावर’ यांतील हा फरक व्याकरणाच्या वर्गात किरकोळ वाटतो. टेपच्या बाबतीत तो किरकोळ नाही. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटमध्ये दोन रिळे असत, त्यामुळे ती मध्येच बाहेर काढली तरी टेप कॅसेटीतच राही. एल.टी.ओ.च्या डबीत रीळ एकच असते. दुसरे रीळ ड्राइव्हच्या पोटात असते. काम चालू असताना टेप डबीतून निघून ड्राइव्हमध्ये गेलेली असते. आठव्या पिढीच्या टेपची लांबी सुमारे ९६० मीटर आहे, रुंदी जेमतेम अर्धा इंच, आणि ती शेवटपासून परत गुंडाळण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागू शकतो. त्या अवधीत वीज तोडणाऱ्याच्या हाती रिकामी डबी आणि टेपने भरलेला ड्राइव्ह येतो. ‘टेप काढून’ आणि ‘टेप बाहेर आल्यावर’ यांच्यामध्ये हे ९६० मीटर आहेत.

आज्ञार्थ योग्य की विध्यर्थ, ‘करा’ की ‘करावे’, या वादात फार वेळ दवडण्याचे कारण नाही. कार्यालयीन मराठीतील ‘करणे’ हे तिसरे रूप मात्र वर्ज्य मानावे. ‘वीजपुरवठा खंडित करणे’ ही आज्ञा आहे की कामांच्या यादीतील शीर्षक, हेच त्यावरून कळत नाही.

इशाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील ए.एन.एस.आय. झेड ५३५ या मानकमालेने इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. मृत्यू किंवा गंभीर इजा यांसाठी वरच्या दोन, किरकोळ इजेसाठी तिसरी, आणि केवळ वस्तूच्या नुकसानीसाठी सर्वांत खालची. माणसाचे शरीर वस्तूच्या वर ठेवणारी ही व्यवस्था न्याय्य आहे. पण तिच्यात लिहिलेल्या मजकुराच्या नाशाला स्वतःची पायरी नाही. ड्राइव्हच्या पत्र्याला पडलेला पोचा आणि वीस वर्षांची ध्वनिमुद्रणे वाचता न येणे ही दोन्ही एकाच खालच्या पायरीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत बसतात. पत्रा ठोकून सरळ करता येतो. बोलणारी म्हातारी माणसे निघून गेल्यावर ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही.

जुन्या पुस्तिका या बाबतीत अधिक चांगल्या होत्या असे म्हटले तर ते स्मरणरंजन ठरेल, तरी त्यात तथ्य आहे. समांतर स्कझी जोडणीच्या काळात प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागे. नियंत्रक कार्डाचा क्रमांक बहुधा ७ असे, म्हणून तो सोडून दुसरा निवडावा लागे. साखळीच्या दोन्ही टोकांना समापक लावावा लागे, मध्ये मात्र लावून चालत नसे. उच्च-विभव जातीचे उपकरण नीच-विभव साखळीत जोडले तर विजेचे परिपथ जळण्याचा धोका होता. या साऱ्याची तयारी केल्यावाचून यंत्र चालतच नसे, आणि चुकले तर ते लगेच कळत असे. त्यामुळे त्या पुस्तिकांचे पूर्वतयारीचे प्रकरण दीर्घ, काहीसे रुक्ष, पण प्रामाणिक होते. आजच्या सॅस जोडणीत ना क्रमांक, ना समापक. प्रकरण आक्रसले, आणि ते आक्रसले म्हणजे तयारीच कमी झाली असा समज झाला. वस्तुतः धोका तेथून उठून दुसरीकडे गेला आहे : पिढ्यांच्या विसंगतीत, २००७ च्या चौथ्या पिढीपासून ड्राइव्हमध्येच आलेल्या सांकेतिकीकरणाच्या किल्ल्यांत, आणि ज्या बॅकअप-आज्ञावलीने टेप लिहिली तिच्या खास रचनेत. किल्ली हरवली तर टेप, ड्राइव्ह आणि केबल तिन्ही सुस्थितीत असूनही मजकूर मिळत नाही. हे धोके तत्काळ प्रकट होत नाहीत. ज्या दिवशी जुनी टेप मागितली जाते त्या दिवशी ते प्रकट होतात.

तिरप्या रेषांत मुद्रण करणाऱ्या डी.डी.एस. जातीच्या जुन्या ड्राइव्हांबाबत तर एक विलक्षण प्रकार घडे. ड्राइव्हचे शीर्ष जरासे ढळले तरी तो स्वतः लिहिलेल्या टेपा बिनतक्रार वाची; दुसऱ्या निर्दोष ड्राइव्हला त्या वाचता येत नसत. म्हणजे सदोष ठरवून जो काढून टाकावयाचा तोच त्या टेपांचा एकमेव वाचक. ‘सदोष ड्राइव्ह काढून टाका’ ही सूचना अशा वेळी ग्रंथ ठेवून त्याची लिपी जाणणारा एकटा माणूस घालवून देण्यासारखी होते.

यंत्र गेले आणि टेप राहिली म्हणजे काय होते, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण अमेरिकेच्या चांद्रमोहिमांत आहे. १९६६ व १९६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली. ती अँपेक्स कंपनीच्या एफ.आर.-९०० या ड्राइव्हवर दोन इंच रुंदीच्या टेपांवर मुद्रित झाली. टेपा जपल्या गेल्या. ड्राइव्ह दुर्मिळ झाले. नासातील नॅन्सी इव्हान्स यांनी काही ड्राइव्ह मिळवून वर्षानुवर्षे सांभाळले म्हणूनच, दुरुस्तीच्या खटाटोपानंतर, २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावर दिसणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र मूळ टेपवरून पुन्हा वाचता आले. टेपांच्या संग्रहात ड्राइव्हचीही गणना केली पाहिजे, ही गोष्ट त्या एका व्यक्तीला पुस्तिकेशिवाय कळली होती.

वरील विवेचनाला धरून पूर्वतयारीचा मजकूर मराठीत कसा लिहिता येईल याचा एक नमुना येथे देणे उचित होईल :

‘नवा ड्राइव्ह मागविण्यापूर्वी कपाटातील सर्व टेपांची पिढीवार यादी करावी. नवा ड्राइव्ह ज्या पिढीची टेप वाचणार नाही, त्या पिढीच्या टेपा जुन्या ड्राइव्हवर वाचून त्यांतील मजकूर आधी अन्यत्र उतरवून घ्यावा. सांकेतिक टेपांच्या किल्ल्या व टेप लिहिणाऱ्या आज्ञावलीची प्रत हाती असल्याची खात्री करावी. जुन्या ड्राइव्हमधील टेप पूर्ण गुंडाळली जाऊन बाहेर आल्यावर संगणक बंद करण्याची आज्ञा द्यावी; संगणक पूर्ण बंद झाल्यावर वीज तोडावी; वीज तुटल्यावर मनगटपट्टी बांधून ड्राइव्हला हात लावावा. नवा ड्राइव्ह जोडल्यावर यादीतील प्रत्येक पिढीची एक तरी जुनी टेप त्यावर वाचून पाहावी. ती वाचली जाईपर्यंत जुना ड्राइव्ह टाकू नये.’

या परिच्छेदात ‘करून’ व ‘झाल्यावर’ यांची वाटणी कर्त्यांच्या वाटणीला धरून केली आहे. ‘बांधून’ आणि ‘वाचून’ ही माणसाची कामे आहेत. ‘आल्यावर’ व ‘पूर्ण बंद झाल्यावर’ ही यंत्राची आहेत. ‘गुंडाळली जाऊन’ हे ऊन-रूप यंत्राकडे गेले आहे, कारण तेथे गुंडाळले जाणे आणि बाहेर येणे या दोन्ही क्रिया टेपच्याच आहेत. निषेध दोनच आहेत, आणि दोन्ही शब्दाने सांगितले आहेत. स्क्रूंचा उल्लेख नाही. ते खोके उघडल्यावर आपोआप दिसतात.

नमुन्यात एका वाक्याची भर मात्र घालावी लागेल. नवव्या पिढीची कोरी टेप प्रथमच ड्राइव्हमध्ये घातली म्हणजे ड्राइव्ह तिची एकदाच करावयाची जुळणी करून घेतो. या कामास सरासरी ४० मिनिटे आणि काही वेळा दोन तासांपर्यंत अवधी लागतो. तोवर ड्राइव्ह काहीच करीत नाही असे वाटते, आणि वाट पाहून कंटाळलेला माणूस वीज तोडण्याचा संभव असतो. ही सूचना ‘जुळणी संपल्यावर’ या शब्दांनी सुरू झाली पाहिजे, आणि टेप आत घालण्याच्या सूचनेच्या आधी आली पाहिजे.